पन्नास ग्रॅमची लायब्ररी

जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर बाजारातल्या किराणावाल्याने सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, हे रद्दी विकायला आलेत. हातात छापील कागद, पायात पॉलिश केलेले बूट, आणि चेहऱ्यावर इस्पितळातून रिपोर्ट आणायला गेलेल्या माणसाचा भाव.

"चाचा, रद्दी हम नहीं लेते."

"बेचना नहीं है. तौल के बताइए."

किराणावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी सरांच्या मागे उभा होतो आणि त्यांच्याबरोबर आलो नाही असं दाखवायचा माझा प्रयत्न चालला होता. मग त्याने ते कागद काट्यावर ठेवले. दहा पानं. पन्नास ग्रॅम.

"बस," म्हणून सरांनी कागद घडी करून खिशात घातले आणि माझ्याकडे वळले. "पाहा जी. पन्नासच्या वर गेली का कापायची."

त्या दहा पानांत सरांनी लिहिलेली लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझी आई शेवटपर्यंत नातेवाइकांना मुलगा वाचनालयात लागला आहे असंच सांगत होती आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. वाचनालय म्हटलं की लोक मान तरी डोलवत. ॲप बनवणाऱ्यांना जी कामं पुन्हा पुन्हा लागतात त्यांचा तयार कोड म्हणजे लायब्ररी. सरांची लायब्ररी एकच काम करायची. फोनमध्ये एखादी गोष्ट ठेवायची आणि मागितली की जशीच्या तशी परत द्यायची. 'ठेव' आणि 'दे'. तिसरी आज्ञा नाही. जगात अशा मोठमोठ्या लायब्रऱ्या होत्या, पण त्या स्वस्तातल्या, काच तडकलेल्या फोनवर चढवल्या की फोन बिचारा धापा टाकायचा. सरांची चढली की फोनला पत्ताही लागत नसे.

सर खमरियाच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये होते. छत्तीस वर्षं कामगारांना पाने, हातोडे अशी हत्यारं दिली आणि संध्याकाळी मोजून परत घेतली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाची माणसं नर्मदेवर, ग्वारीघाटाला फिरायला जातात. सरांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि प्रोग्रामिंग शिकले. राइट टाउनमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत ते आले तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो, ते साठी ओलांडून गेले होते, आणि तिसरी होती वर्षा, बावीस वर्षांची. तिचं घर मराठीच, पण तिला मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. सर मराठीत विचारत, ती हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

स्टोअर त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. स्टेपलरला, पंख्याच्या रेग्युलेटरला, त्यांच्या स्वतःच्या डब्याला. छत्री मागितली तर चिठ्ठीवर आपलं नाव लिहून घ्यावं लागे. एकदा मी त्यांचं पेन घेऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीला चिठ्ठी बांधलेली होती: 'पेन बाकी'.

आणि राग आला की ते मराठी सोडत. रोजचं बोलणं आपलं नागपूरकडचं, 'काय करून राहिले जी तुम्ही?' पण खरोखर चिडले की एकदम शुद्ध हिंदीत जायचे आणि 'आप' म्हणायचे. त्यांचं 'आप' ऐकलं की वर्षा खिडकीबाहेर बघायला लागे.

लायब्ररीत काही नवीन हवं असेल तर तोंडाने सांगायचं नाही, कागदावर लिहून द्यायचं. तो कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. महिन्याने सर डबा उघडत, एकेक चिठ्ठी वाचत आणि विचारत, "याच्यावाचून कोणाचं अडलं का जी?" कोणाचंच अडलेलं नसे. फाडत. माझ्या अकरा चिठ्ठ्या अशा फाटल्या. वर्षाने एकदाच एक लिहिली होती. तिचं म्हणणं असं की ठेवलेली गोष्ट काही कारणाने वाचता आली नाही, तर लायब्ररी चुपचाप 'काही नाही' म्हणते. त्यापेक्षा तिने 'वाचता येत नाही' असं ओरडून सांगावं. सरांनी तीही फाडली. "ठेवलेलं वाचता काहून नाही येणार? मी ठेवलं आहे."

आमचं सगळ्यांत मोठं काम एका संस्थेसाठी होतं. कुंडमकडच्या जंगलपट्टीत गावोगाव फिरून लहान मुलांना टीके, म्हणजे लसी, देणाऱ्या एकोणीस नर्सबाया होत्या. तिकडे सगळे त्यांना दीदी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. प्रत्येकीच्या फोनवर आमचं ॲप. कोणत्या मुलाला कोणता टीका कधी दिला ते त्यात भरायचं, फोनमध्येच ठेवायचं आणि पंधरा दिवसांनी मीटिंगला सुपरवाइजर बाईंनी तपासलं की वर पाठवायचं. तोवर ती माहिती त्या फोनशिवाय जगात कुठेच नसे. आधी कागदाचं रजिस्टर होतं. ते बंद करा, दोनदा लिहिण्यात काय अर्थ आहे, असं मीटिंगमध्ये एका हुशार माणसाने सुचवलं होतं. तो हुशार माणूस मी.

त्या ॲपमधली नावं सरांनी ठेवलेली. कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. लोक इंग्रजी देतात. सरांनी दिली होती: पोरगं, माय, गाव, सुई. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपल्या घरातले.

एका शुक्रवारी संस्थेचा निरोप आला की पुढच्या आठवड्यात बंगळुरूहून एक सल्लागार आमचा कोड तपासायला येणार.  कोड चांगला होता, पण तो माणूस पडद्यावर 'पोरगं' वाचणार आणि मला त्याचा अर्थ विचारणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. जबलपुरात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शाळेत डबा उघडतानासुद्धा आम्ही आईने दिलेल्या पदार्थाचं हिंदी नाव सांगत असू. रविवारी सर नसताना मी ऑफिसात बसलो आणि सगळी नावं बदलून सभ्य इंग्रजी केली. माझ्या फोनवर चालवून पाहिलं. उत्तम चाललं. चालणारच. माझ्या फोनवर आधीचं काही ठेवलेलंच नव्हतं. सोमवारी संध्याकाळी ते नवीन ॲप मी एकोणीस फोनांवर पाठवलं आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं, "आज एक मोठं काम निपटवलं."

मंगळवार हा टीक्यांचा दिवस. सकाळी सव्वाआठला ऑफिसचा फोन वाजला. बरेला गावच्या दीदी होत्या.

"भैया, मेरे बच्चे कहाँ गए?"

"जी?"

"फोन खोला तो एक भी बच्चा नहीं है. पंद्रह दिन के सारे बच्चे थे. खाली दिखा रहा है."

मी काही बोलायच्या आत सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दीदी, आपने आज कुछ भरा? सेव दबाया? नहीं? बहुत अच्छा. अब फोन को उलटा करके मेज पर रख दीजिए और हाथ मत लगाइए. हम बताएँगे." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"आपने क्या बदला?"

वर्षा खिडकीबाहेर बघायला लागली.

मी सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं की मी काय करून बसलो आहे. लायब्ररी ठेवलेल्या गोष्टीबरोबर तिचं नावही ठेवायची. आता ॲप 'चाइल्ड' मागत होतं आणि आत होतं 'पोरगं'. वाचता येईना, म्हणून लायब्ररी गुपचूप 'काही नाही' म्हणत होती. मुलं अजून आत होती. पण दीदीने आज एक जरी नवीन मूल भरून 'सेव' दाबलं, की त्या रिकाम्या यादीत ते एक मूल जाणार आणि ती यादी जुनीच्या जागी बसणार. पंधरा दिवस पुसले जाणार. मग कोणत्या मुलाला टीका दिला आणि कोणाला नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. एखाद्याला दोनदा मिळेल, एखाद्याला मिळणारच नाही.

"दीदी लोग नौ बजे निकल जाती हैं," वर्षा म्हणाली. "जंगल में घुस गईं तो फोन नहीं लगेगा."

साडेआठ वाजत आले होते.

सरांनी टेबलावर एकोणीस चिठ्ठ्या मांडल्या, प्रत्येकीवर एका दीदीचं नाव. मला नावं परत बदलायला बसवलं आणि ते व वर्षा दोन फोनांवरून लावत सुटले. सांगायचं एकच: फोन उलटा ठेवा, आज काही भरू नका, आज कागदावर लिहा. कबुली मिळाली की चिठ्ठी पालथी.  चार शब्द परत लिहायचे, आणि मी 'माय' तीनदा चुकवला.

"सात," वर्षा म्हणायची. "ग्यारह."

एक दीदी बसमध्ये चढत होत्या. एकीचा फोन नवऱ्याकडे होता आणि नवरा शेतावर. एकीला सरांनी "हाथ मत लगाइए" म्हटल्यावर ती घाबरली, फोन फुटणार आहे की काय असं विचारू लागली. सर तिला म्हणाले, "नहीं बिटिया, फूटेगा नहीं. हमारी गलती से भूल रहा है." नऊ वाजून दहा मिनिटांनी अठरा चिठ्ठ्या पालथ्या होत्या. एक उताणी राहिली. सुशीला दीदी, कुंडमच्या पुढचं शेवटचं गाव. फोन लागेना.

"गाडी काढा," सर म्हणाले.

मी पुढे, सर मागे, मांडीवर पिशवीत लॅपटॉप. रांझी, खमरिया, मग मोकळा रस्ता. सर एरवी माझ्या मागे बसले की चाळीसच्या वर जाऊ देत नसत, खांद्यावर टकटक करत. त्या दिवशी काटा सत्तरला गेला तरी टकटक झाली नाही. पन्नासेक किलोमीटरमध्ये ते एकदाच बोलले. "वर्षानं चिठ्ठी लिहिली होती," म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. अशा वेळी तेवढंच करता येतं.

पुढे डांबर संपलं आणि मुरुम लागला. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर आठ-दहा बाया मुलं घेऊन बसलेल्या, निळी टीक्यांची पेटी उघडी, आणि सुशीला दीदी फोनवर काहीतरी टिपत होत्या.

"दीदी," मी गाडी उभी न करताच ओरडलो, "सेव दबाया क्या?"

त्या दचकल्या. "हाँ भैया. अभी एक बच्चा चढ़ाया. नेटवर्क नहीं है तो भी सेव तो हो जाता है ना? आप ही ने सिखाया था."

मीच शिकवलं होतं.

सरांनी त्यांच्या हातातून फोन घेतला, लॅपटॉपला जोडला, आत शिरून पाहिलं. यादीत एक मूल होतं. फक्त एक.

"पंद्रह दिन में और कितने थे, दीदी?"

"तेईस." आता त्यांच्या लक्षात आलं. "क्यों? चले गए क्या? परसों मीटिंग है भैया, मैडम पूछेंगी. मैंने सबको टीका लगाया है, भगवान कसम. मैं झूठ नहीं बोलती."

मी तोंड उघडलं. नेमकं काय म्हणणार होतो कोण जाणे, बहुधा 'अपडेटमुळे' वगैरे काहीतरी. सरांनी मला हाताने थांबवलं.

"आप झूठ नहीं बोलतीं. मेरी लाइब्रेरी ने झूठ बोला," ते म्हणाले. "पढ़ नहीं पाई तो कह दिया कि कुछ है ही नहीं. यह मैंने बनाया है. मैडम से मैं बात करूँगा. अभी हम तीनों घर-घर चलेंगे. माँओं के पास कार्ड तो होगा?"

कार्ड होतं. टीका दिला की आईजवळच्या कार्डावर दीदी तारीख टाकायच्या. आलेल्या मुलांना टीके देऊन झाल्यावर आम्ही निघालो. आधी त्या गावात, मग नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर. सुशीला दीदींना मुलांची नावं आठवत नव्हती, घरं आठवत होती. "वो जिसकी नानी तमाखू मलती रहती है." "वो जुड़वाँ वाली." कार्डं कुठे कुठे निघाली! पत्र्याच्या पेटीतून, देवाच्या फोटोमागून, कोदो धान्याच्या मडक्यातून. एक तर छपराच्या गळतीखाली लावलेलं, चिखलाने भरलेलं. सर प्रत्येक कार्ड चष्मा काढून डोळ्याशी धरून वाचत आणि मी लिहीत असे. लिहिलं की ते पुन्हा वाचून दाखवायला लावत, आईसमोर. एक बाई हसून म्हणाली, "साहब, इतना तो मेरे ब्याह में भी नहीं पढ़ा गया."

दुपारी चारपर्यंत बावीस मुलं झाली. तेविसाव्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे कामाला गेले, कटनीकडे, महिन्याभराने येतील.

"इसको लगाया था?" सरांनी विचारलं.

सुशीला दीदींनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. "लगाया होगा. लगाया ही था शायद. उस दिन दो-तीन घर साथ में किए थे."

मी दमलो होतो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "सर, 'दिला' लिहून टाकू? दीदी बावीसपैकी एकातही चुकलेल्या नाहीत. आणि ॲपमध्ये दोनच खुणा आहेत, 'दिला' आणि 'नाही दिला'. रिकामं सोडलं तर ते पुढेच जात नाही."

सर त्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला. चिठ्ठी महिनाभर डब्यात पडल्याशिवाय एक ओळ न बदलणारा माणूस, तिथे कोंबड्या फिरत असताना कोड लिहायला लागला. वीस मिनिटांनी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. 'दिला' आणि 'नाही दिला' यांच्या खाली तिसरी खूण आली होती: 'माहीत नाही'.

"आता लिहा," म्हणाले.

परत येताना रांझीला चहा घेतला. तिथे वर्षाचा फोन आला: जुन्या नावांचं ॲप पोचलं, बाकीच्या अठरा फोनांत मुलं परत दिसू लागली.  सर एकदम आपल्या नेहमीच्या 'जी'वर आले.

"लाज वाटली का जी तुम्हाला? नावांची?"

"हो," मी म्हणालो. 

"मलाही वाटे. फॅक्टरीत वीस वर्षं मी घरचा फोन आला का हिंदीत बोलायचो. आई तिकडून विचारे, 'कोण बोलून राहिलं?'" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आता ते पोरगं मिळेपर्यंत दर मंगळवारी तुम्ही जायचं."

बंगळुरूचा सल्लागार आला तेव्हा त्याने 'पोरगं'वर बोट ठेवून अर्थ विचारला, मी सांगितला, त्याने वहीत टिपून घेतला आणि पुढच्या ओळीवर गेला. एवढंच. त्याच आठवड्यात लायब्ररी वाचता आलं नाही तर ओरडायला शिकली. अकरा पानं झाली. किराणावाल्याने पंचावन्न ग्रॅम सांगितले तेव्हा सरांनी वर्षाला बोलावून काटा दाखवला, आणि ती म्हणाली, "ठीक है सर, इतना चलेगा."

मी पहिल्या मंगळवारी गेलो, कुलूप. दुसऱ्या, कुलूप. तिसऱ्या मंगळवारी पाऊस होता, नाल्यापलीकडे जाताच आलं नाही, तरी सरांनी विचारलं तेव्हा मी 'कुलूप' म्हणालो नाही. 'माहीत नाही' म्हणालो. बायको म्हणायची, एवढ्या नेमाने तुम्ही माझ्या माहेरी कधी गेले नाही.

पाचव्या मंगळवारी दार उघडं होतं. आई कंबरेवर मूल घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. सुशीला दीदींनी ते घेतलं आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या टीक्यासमोरची तारखेची जागा कोरी होती.

"हाय राम," दीदी हळूच म्हणाल्या. "नहीं लगाया था."

"उस दिन आए थे आप," आई म्हणाली, "पर ये बुखार में था. आपने कहा था, अगली बार."

मी त्या दिवशी 'दिला' लिहिणार होतो. मी ओट्यावर बसलो. दीदींनी पेटी उघडली. मूल असं किंचाळलं की शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली.

टेकडीवर चढलं की एक काडी नेटवर्क मिळायचं. मी चढलो आणि सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, कोऱ्या जागेचंही. मध्येच आवाज तुटला. मी फोन उंच धरला.

"सर?"

"आहे मी. टीका दिला ना?"

"दिला. आत्ताच."

"मग निघू नका. टीक्यानंतर अर्धा तास पोराजवळ थांबावं लागते. काही होत नाही ना पाहायचं असते. दीदींना दुसरीकडे जायचं असेल. तुम्ही बसा."

मी खाली येऊन बसलो. दीदी खरोखरच पुढच्या घरी गेल्या. मूल आईच्या मांडीवरून माझ्याकडे असं बघत होतं, जणू सुई मीच टोचली. मी घड्याळ काढून समोर ठेवलं. दर पाच मिनिटांनी आई त्याच्या कपाळाला हात लावी आणि माझ्याकडे बघे, आणि मी, जणू मला त्यातलं काही कळतं अशी, मान हलवी. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याने हात लांब केला, माझं घड्याळ ओढून घेतलं आणि तोंडात घातलं. मी ते काढून घेतलं नाही.